घरबसल्या हलव्याचे दागिने विका! (नवशिक्यांसाठी)

तुम्हाला दागिने करता येतात की नाही, हा प्रश्न फार नंतरचा. आधी कुणीतरी ‘अगं, तू हे विकत का नाहीस?’ असं म्हणावं लागतं. हे वाक्य बहुधा हळदीकुंकवाला, तिळगूळ तोंडात असताना म्हटलं जातं. म्हणणारी बाई स्वतः कधीच काही विकत घेत नसते, हे मात्र त्या वेळी लक्षात येत नाही.

मला हे वाक्य नवऱ्याच्या आत्याबाई म्हणाल्या. जावेच्या सुनेची पहिली संक्रांत होती आणि मी हौसेनं अख्खा संच केला होता: हार, मंगळसूत्र, नथ, कुड्या, बिंदी, बाजूबंद, कमरपट्टा आणि नवरदेवासाठी हार-घड्याळ. आत्याबाईंनी नथ उचलली, चष्मा वर सरकवून ट्यूबलाइटखाली धरली, दोनदा फिरवली आणि म्हणाल्या, “काटा बरा आलाय.” मग ते वाक्य. त्या रात्री मला झोप लागली नाही. पहाटे चारला मी मनातल्या मनात दुसरी शाखा उघडली होती.

त्याला आता तीन हंगाम झाले. त्या अनुभवाच्या जोरावर हे मार्गदर्शन. शेवटपर्यंत वाचा. मधेच उठून साखर आणायला जाऊ नका.

पायरी पहिली: बाजाराचा अभ्यास

मोठ्या कंपन्या यासाठी सल्लागार नेमतात. तुम्ही भिंतीवरचं कालनिर्णय काढा. संक्रांत सूर्याच्या हिशेबानं येते, म्हणून ती १४ नाहीतर १५ जानेवारीला ठरलेली. रथसप्तमी मात्र माघ शुद्ध सप्तमी, म्हणजे चंद्राच्या हिशेबात. बोरन्हाण आणि हळदीकुंकू या दोन दिवसांच्या मधे उरकायचं असतं. तुमचा सगळा धंदा या सूर्य-चंद्राच्या फटीत बसतो.

२०२४ साली ही फट १५ जानेवारीपासून १६ फेब्रुवारीपर्यंत होती. महिनाभर! मी मूर्खासारखी समजले, की धंदा असाच असतो. २०२५ साली रथसप्तमी ४ फेब्रुवारीला आली. २०२६ साली तर २५ जानेवारीलाच आली, म्हणजे संक्रांतीनंतर अवघ्या अकरा दिवसांनी. त्या वर्षी अधिक ज्येष्ठ असल्यामुळे २०२७ची रथसप्तमी पुन्हा १३ फेब्रुवारीवर जाते. एकदा बँकेत जा आणि कर्जाच्या साहेबांना सांगा, की यंदा अधिक महिना आला म्हणून पुढच्या वर्षी उलाढाल वाढणार आहे. त्यांचा चेहरा बघण्यासारखा होतो.

व्यवसायाचे धडे देणारे सगळे जण सांगतात, की जुनं गिऱ्हाईक परत आणा, नव्यापेक्षा ते स्वस्त पडतं. आपल्या धंद्यात सुनेची पहिली संक्रांत एकदाच येते. तिला पुन्हा गिऱ्हाईक करायचं तर काय घडावं लागेल, याचा विचार चांगल्या घरातल्या बाईनं करू नये. उरलं बोरन्हाण. पण म्हणून वर्षभरानं त्याच मुलीला ‘ताई, यंदा बोरन्हाणाची काही ऑर्डर?’ असा मेसेज टाकू नका. मी टाकला होता. तिच्या सासूबाईंचं उत्तर लगेच आलं, “आम्हीही तेच विचारतोय.” मुलीचं उत्तर अजून आलेलं नाही.

पायरी दुसरी: हलवा

इथे जरा थांबू, कारण या सगळ्या उद्योगात आवडण्यासारखं एवढंच आहे.

डिसेंबरातली कोरडी थंड रात्र लागते. ठाण्यात अशा रात्री वर्षाला सातआठ मिळतात, त्यातल्या दोन लग्नांना जाण्यात संपतात. शेगडीवर निखारे अगदी मंद, त्यावर पसरट परात, परातीत मूठभर खसखस. मोठा दाणा हवा असेल तर साबुदाणा, तीळही चालतात. बाजूला साखरेचा एकतारी पाक. चमच्यानं पाक घालायचा, तोही थेंबाथेंबानं, आणि बोटांनी दाणे फिरवत राहायचं. पाक सुकला की पुढचा थेंब. घाई केली की दाणे एकमेकांना चिकटून चिक्की होते. आच वाढली की पांढऱ्याचं पिवळं होतं. दमट हवा असली की सगळं ओशाळल्यासारखं ओलसर राहतं. तासभर तुम्ही नुसतीच साखर ढवळताय असं वाटतं आणि मग कधीतरी बोटांना टोचायला लागतं. तो काटा. दाण्याला चहूबाजूंनी बारीक टोकं फुटतात आणि परातीत चांदणं पडल्यासारखं दिसतं. एका बैठकीत हे होत नाही. दुसऱ्या रात्री पुन्हा, तिसऱ्या रात्री पुन्हा. बोटांची टोकं बधिर होतात आणि फोन अंगठा ओळखेनासा होतो.

काटा नुसता शोभेचा नसतो. दागिना गुंफताना दोऱ्याच्या दोन पेडांत दाणा धरून गाठ मारत जायचं असतं, तेव्हा दोरा त्या काट्यांत अडकतो आणि घसरत नाही. मशीनचा हलवा गोटीसारखा गुळगुळीत. तो दोऱ्यात टिकत नाही, पुठ्ठ्यावर डिंकानं चिकटवावा लागतो. हातात घेतलं तर कळतं.

आता हे सगळं विसरा. गिऱ्हाइकाला तुमचा दागिना सहा इंची काचेवर दिसणार आहे आणि तिथे काटा दिसत नाही. पहिल्या वर्षी माझ्या हाताच्या हलव्याचा हार आणि बाजारच्या तयार हलव्याचा हार मी शेजारी शेजारी ठेवून फोटो टाकला. लोकांनी बाजारचा निवडला. ‘फिनिशिंग छान आहे’ म्हणाले.

पायरी चौथी: फोटो

(तिसरी पायरी किंमत. ती वाचून नवशिके पळून जातात, म्हणून मागे ठेवली आहे.)

पांढऱ्या दागिन्याला काळी पार्श्वभूमी लागते आणि देवानंच संक्रांतीला काळं नेसण्याची सोय करून ठेवली आहे. सासूबाईंची चंद्रकळा मागून घ्या. डिंक सांडल्याचं त्यांना लगेच सांगू नका. फ्लॅश बंद ठेवा, नाहीतर साखर चमकून नथीच्या जागी नुसता पांढरा गोळा दिसतो. सकाळी आठ ते नऊ खिडकीतलं ऊन घ्या. याच वेळेत मुलांचा डबा, कामवालीची बेल आणि पाण्याचा टँकर येतो, त्याला इलाज नाही.

मॉडेल म्हणून भाचीला बसवा. ती म्हणेल, “मावशी, मी इन्फ्लुएन्सर आहे, मानधन?” तिला हलवा द्या. अर्धा फोटो झाल्यावर लक्षात येईल, की कानातलं एकच आहे.

फोटो मोठा करून बघा. मुंगी असेल. पहिल्या वर्षी माझ्या सर्वांत गाजलेल्या फोटोत मंगळसूत्राच्या डाव्या वाटीवर एक मुंगी होती. बावीस जणींनी तो काळा मणी समजून ‘असंच हवं’ म्हणून कळवलं.

पायरी पाचवी: दुकान उघडा

नाव ठेवा. शेवटी ‘क्रिएशन्स’ हवंच. त्याच्या आधी मुलीचं नाव लावा. दोन मुली असतील तर दोघींची नावं जोडून जे काही होईल ते. मुलगा असेल तर तो मित्रांत तोंड दाखवता येत नाही म्हणून रडेल, त्याला समजवा.

मग एखाद्या मोठ्या ऑनलाइन बाजारात नोंदणी करा. तिथला फॉर्म विचारतो: वस्तूचा प्रकार कोणता? ‘दागिने’ निवडलंत, की पुढचा प्रश्न येतो: धातू कोणता? सोनं, चांदी, पितळ, इतर. ‘इतर’ निवडून ‘साखर’ लिहिलं, तर फॉर्म लाल होतो. परत मागे जाऊन ‘खाद्यपदार्थ’ निवडा. आता तो विचारतो: शाकाहारी की मांसाहारी? किती दिवस टिकतं? आणि एफएसएसएआयचा चौदा आकडी क्रमांक टाका. खायचा हलवा विकायचा असेल तर तो क्रमांक घ्यायलाच हवा, ते बरोबर आहे. पण कमरपट्ट्यात डिंक आणि पुठ्ठा आहे, तो खायचा नसतो. म्हणून मी खोक्यावर ‘खाण्यासाठी नाही’ असं छापलं, तर एका आजींनी फोन करून विचारलं, “मग हलव्याचे कशाला म्हणता?” त्यांना काय सांगावं हे मला अजून सुचलेलं नाही. शेवटी मी ‘गृहसजावट’ निवडलं. माझं मंगळसूत्र आता तिथे पडद्यांच्या आणि प्लास्टिकच्या फुलांच्या मधे दिसतं.

परदेशात विकायचं स्वप्न असेल तर एट्सी आहे. हे दुकान २००५ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात सुरू झालं, ते हातानं केलेल्या वस्तूंसाठीच. एक वस्तू मांडायला वीस सेंट घेतात आणि ती चार महिने मांडलेली राहते. विकली गेली की साडेसहा टक्के कमिशन वेगळं. अकरा दिवसांच्या हंगामाला चार महिन्यांचं भाडं. तरी मी मांडली. न्यू जर्सीच्या एका मराठी बाईंनी बाळासाठी बासरी, मुकुट आणि बाजूबंद मागवले. तिकडे बोरं कुठली, त्यांनी ब्लूबेरीनं बोरन्हाण केलं. फोटो पाठवला होता. बाळ बासरी चाटत होतं. मला फार आनंद झाला आणि त्या पार्सलच्या टपालखर्चात माझी कमाई गेली.

बाकी व्हॉट्सॲप बिझनेस २०१८ पासून आहेच, आणि खरी विक्री तिथूनच होते. इन्स्टाग्रामवर फोटोखाली किंमत ठळक लिहा. त्याच्याखाली लोक ‘पीपी’ लिहितील. पीपी म्हणजे ‘प्राइस प्लीज’. किंमत वर लिहिली आहे असं कधीही सांगू नये. त्यांना उद्धट वाटतं.

पायरी तिसरी: किंमत

बसा. एका संचाला हलवा, जरीची लेस, मणी, पुठ्ठा, दोरा, डिंक, खोका मिळून माझे ३८० रुपये जातात. सामान मी बोहरी आळीतून घाऊक आणते. पुण्याला जायचा खर्च मोजत नाही, कारण तेव्हा बहिणीकडे जेवण होतं. संच करायला सोळा तास लागतात. विकते ९०० रुपयांना. राहिले ५२०. तासाला साडेबत्तीस रुपये. माझ्या कामवालीला हा हिशेब सांगितला तेव्हा ती मनापासून म्हणाली, “वहिनी, तुम्ही दुसरी दोन घरं धरा.”

सोनाराकडे गेलं की घडणावळ द्यावी लागते आणि आपण ती देतो. टक्क्यांत देतो, वर चहा पिऊन येतो. हलव्याच्या हारावर घडणावळ म्हटली, की समोरची बाई लगेच साखरेचा भाव काढते. “पंचेचाळीस रुपये किलो साखर आहे हो.” बरोबर आहे. सोनंसुद्धा जमिनीत फुकट असतं. पण हे तिला म्हणू नका. ‘ताई, तुमच्यासाठी ८५०’ म्हणा. तीन हंगामांत मी हेच म्हणत आले आहे आणि माझी खरी किंमत ८५० आहे हे आता ठाण्यात सगळ्यांना माहीत आहे.

पायरी सहावी: कायदा

हा भाग थोडक्यात. वस्तू विकणाऱ्याला महाराष्ट्रात वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटीची नोंदणी सहसा लागत नाही. मी हिशेब केला: ९०० रुपयांनी ४० लाखांसाठी ४,४४५ संच, दर संचाला सोळा तास, म्हणजे न झोपता आठ वर्षं. तूर्त धोका नाही. मात्र ऑनलाइन बाजारातून विकायचं तर पूर्वी पहिल्या रुपयापासून क्रमांक लागायचा. १ ऑक्टोबर २०२३ पासून लहान विक्रेत्यांना त्यातून सूट मिळाली, पण ती आपल्या राज्यातल्या राज्यात विकण्यापुरतीच. एवढ्यात बेळगावहून ऑर्डर आली. बोलणं शुद्ध मराठी, सुनेचं माहेर कोल्हापूरचं, पण पिनकोड कर्नाटकाचा. सीमाप्रश्न माझ्या डायनिंग टेबलापर्यंत आला तो असा. ते पार्सल शेवटी कोल्हापूरच्या मामांच्या पत्त्यावर गेलं.

पायरी सातवी: पॅकिंग आणि कुरियर

हलव्याचे दोन शत्रू, ओल आणि मुंगी, तिसरा कुरियरवाला. पहिल्या दोघांसाठी हवाबंद पिशवी आणि आत सिलिका जेलच्या पुड्या. त्या पुड्यांवरही ‘खाऊ नका’ लिहिलेलं असतं, त्यामुळे आता खोक्यात खाऊ नये असं बरंच काही असतं.

तिसऱ्याचं असं, की तुमचा संच भरतो ३५० ग्रॅम. पण दागिना चेपू नये म्हणून खोका मोठा लागतो: ३० सेंटिमीटर लांब, २५ रुंद, १२ उंच. अनेक कुरियरवाले लांबी-रुंदी-उंची गुणतात, ५००० नं भागतात आणि येईल ते वजन धरतात. ९००० भागिले ५०००, म्हणजे १.८ किलो, म्हणजे त्यांच्या भाषेत दोन. आत बहुतेक हवा आहे, हे तुम्ही सांगाल. हवेचंच भाडं घेतात, ते सांगतील.

शिवाय पावतीवर ‘आत काय आहे’ या रकान्यात ‘दागिने’ लिहू नका. माझ्या नेहमीच्या काउंटरवरच्या मुलानं पेन खाली ठेवलं. “मॅडम, ज्वेलरी घेत नाही आपण.” म्हटलं, साखरेची आहे. त्यानं माझ्याकडे, मग आतल्या साहेबांकडे पाहिलं. साहेब बाहेर आले, खोका उघडायला लावला, कमरपट्टा उचलला, वास घेतला. मागे रांगेत सहा माणसं. एका काकांनी ‘बोरन्हाणाला आमच्याकडेही होते’ म्हणून आठवणी सुरू केल्या. शेवटी पावतीवर लिहिलं गेलं: ‘मिठाई (घालायची)’.

आणि कॅश ऑन डिलिव्हरी देऊ नका. इथे ‘आरटीओ’ नावाची गोष्ट असते. गाडीच्या लायसनचं नव्हे. पार्सल गिऱ्हाइकानं नाकारलं की मूळ पत्त्यावर परत येतं, ते आरटीओ, आणि जाण्या-येण्याचं दोन्ही भाडं विकणाऱ्याच्या गळ्यात. माझा पहिला आरटीओ १९ फेब्रुवारीला परत आला, रथसप्तमी होऊन तीन दिवस झाल्यावर. नवरीचा संपूर्ण साज. आम्ही तो चहात घातला. नवऱ्याला बाजूबंद आवडला.

पायरी आठवी: परीक्षणं

पाच तारे देणाऱ्या बायका काही लिहीत नाहीत. एक तारा देणारे निबंध लिहितात. मला मिळालेल्या एका ताऱ्याचं कारण असं: ‘दागिने दिसायला सुंदर पण खाल्ल्यावर आत पुठ्ठा निघाला.’ यावर नम्रपणे दिलगिरी व्यक्त करावी. मी व्यक्त केली. त्यांनी पुढच्या वर्षी दोन संच मागवले आणि जास्तीचा हलवा वेगळा मागितला.

पायरी नववी: नातेवाईक

हे गिऱ्हाईक सर्वांत निष्ठावान. दर वर्षी येतं, भोगीच्या दिवशी, रात्री साडेनऊनंतर. आत्याबाईंचा फोन ठरलेला. त्यांच्या ओळखीत दर वर्षी कुणाची तरी सून नवी असते. “घरचंच आहे, जमेल तसं कर.” पैशांचा विषय निघत नाही. निघालाच तर त्या म्हणतात, “अगं, मीच नाही का तुला धंद्याला लावलं?”

पहिल्या वर्षी मी रात्रभर जागून केला. दुसऱ्या वर्षी रागारागानं बाजारच्या गुळगुळीत हलव्याचा, डिंकानं चिकटवलेला संच पाठवला. म्हटलं, कुणाला कळतंय. लोक त्यालाच फिनिशिंग म्हणतात. संक्रांतीच्या दुपारी आत्याबाईंचा फोन आला. मला वाटलं, आभार मानायला. त्या म्हणाल्या, “बरी आहेस ना? हाताला काही झालं का? काटाच नाही गं.”

तीन हंगामांत माझ्याकडून १६४ संच गेले आहेत. काट्याबद्दल बोललेलं माणूस एकच, आणि त्यानं एक रुपया दिलेला नाही.

तेव्हा नवशिक्यांनो, साखर आणा, निखारे मंद ठेवा आणि मला व्हॉट्सॲपवर ‘पीपी’ लिहू नका. किंमत ९०० आहे. यंदाच्या ऑर्डरी ५ जानेवारीला बंद होतील, कुणासाठीही थांबणार नाहीत. आत्याबाईंचा संच मी डिसेंबरातच करून डब्यात ठेवला आहे.